घर आणि यंत्र : अवाढव्य खेळास जागा कोठें द्यावी?

सोलापूरच्या दक्षिण कसब्यांतून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु तसाच प्रश्न आज पुष्कळ एकत्र कुटुंबांत निघत असल्यामुळें या महिन्याचें सदर त्यालाच दिलें आहे. पत्राचा सारांश असा : घरांत संगणक एकच. त्यावर मोठे दीर करसल्लागारीचें काम करितात, मुलांचा अभ्यास होतो, आणि घरांतील झाडून साऱ्या छायाचित्रांचा संग्रहहि त्यांतच आहे. पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. परीक्षा संपल्यावर त्यानें ‘बाल्डर्स गेट ३’ नांवाचा खेळ स्वतःच्या पैशानें विकत घेतला. खेळास १५० जीबी जागा लागते. संगणकांत दोन डिस्क आहेत. पहिली वेगवान, पण लहान. दुसरी मोठी, पण मंद आणि बरीचशी भरलेली. दुसरीवर ५५ जीबींचा एक संग्रह आहे, तो ६४ जीबींच्या पेन ड्राइव्हवर हालविला म्हणजे खेळापुरती जागा होते, असें पुतण्याचें म्हणणें.

तो संग्रह म्हणजे सासूबाईंनीं जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांच्या चित्रफिती होत. सासूबाई गेल्या वर्षीं निवर्तल्या. त्या फिती हालवूं देण्यास पत्रलेखिकेचें मन धजत नाहीं. परंतु नाहीं म्हणण्यास तिजजवळ कारणहि नाहीं. पुतण्याचें म्हणणें शास्त्राला धरून असेल, तर आपण आपला हट्ट सोडूं, असें तिनें मोकळेपणानें लिहिलें आहे. तेव्हां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं.

आधीं खेळाविषयीं दोन शब्द. घरांतील वडीलधाऱ्यांस ‘एका खेळास एवढी जागा कशाला?’ असें वाटणें साहजिक आहे. बेल्जममधील लेरियन या संस्थेनें हा खेळ ३ ऑगस्ट २०२३ रोजीं संगणकासाठीं प्रसिद्ध केला. एखाद्या प्रदीर्घ कादंबरीप्रमाणें त्यांत कथानक आहे. पात्रें बोलतात, आणि खेळणारा जी वाट निवडील तिजप्रमाणें पुढील प्रसंग पालटतात. युरोपांतील वर्गवारींत तो अठरा वर्षांवरील मंडळींसाठीं ठरविलेला आहे, म्हणून घरांतील लहानग्यांस तो शेजारीं बसून पाहूं देऊं नये. त्यांच्यासाठीं पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ आहे. पौराणिक कथांवर रचलेला, छायाबाहुल्यांच्या दृश्यांनीं नटलेला हा खेळ २०२० सालीं निघाला, आणि मोठ्या खेळाच्या मानानें त्याचा व्याप फारच लहान आहे.

जागा जाते ती कशांत? भिंतींचे, वस्त्रांचे, चेहऱ्यांचे बारकाव्यानें काढलेले पृष्ठभाग, हजारों संवादांचे आवाज, संगीत आणि हालचाली यांत ती जाते. खेळाचे नियम जागेचा फार थोडा भाग व्यापितात. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं जें पहिलें डिस्कवर चालणारें साठवणीचें यंत्र विक्रीस काढलें, त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि एवढ्या धुडांत पन्नास लाख अक्षरें मावत. एका अक्षरास एक बाइट धरिला, तर पुतण्याचा हा एक खेळ ठेवावयास तसलीं तीस हजार यंत्रें लागतीं. हा खेळ कांहीं एकटाच अवाढव्य आहे असेंहि नव्हे. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ २०१९ च्या ऑक्टोबरांत निघाला, तेव्हांच त्याच्या प्रकाशकांनीं १७५ जीबी मोकळी जागा मागितली होती.

आतां डिस्कविषयीं. संगणकांत दोन प्रकारच्या डिस्क असतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय तबकडी फिरते आणि एक बारीक भुजा तिच्यावरून मागेंपुढें सरकून हवी ती मजकुराची ओळ शोधते. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा सुमारें आठ मिलिसेकंदांत पुरा करिते. इच्छित जागा भुजेखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद लागतात. भुजा सरकण्यास आणखी आठ-नऊ. म्हणजे एक तुकडा शोधून काढण्यास बारा-तेरा मिलिसेकंद, आणि सेकंदास असे ऐंशीच्या आसपास शोध. सलग ठेवलेला मजकूर मात्र तीच डिस्क सेकंदास शंभर ते दोनशे एमबी या गतीनें वाचूं शकते. तिची अडचण आहे ती शोधाशोधींत.

एसएसडी नांवाच्या दुसऱ्या प्रकारांत फिरणारें असें कांहींच नाहीं. मजकूर सिलिकॉनच्या सूक्ष्म पेशींत विद्युद्भाराच्या रूपानें राहतो, आणि कोणताहि तुकडा मिलिसेकंदाच्या एक दशांशांत किंवा त्याहूनहि लवकर हातीं येतो. यांतहि दोन जाती आहेत. साटा जोडणीची एसएसडी सेकंदास सुमारें ५५० एमबी देते. एनव्हीएमई जातीची डिस्क तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर सुमारें ३,५०० व चौथीवर ७,००० एमबींपर्यंत देते. खेळणाऱ्याच्या अनुभवांत हार्ड डिस्क व साटा एसएसडी यांतील फरक फार मोठा असतो. पुढील दोहोंतील फरक त्या मानानें थोडा. म्हणून जुन्या संगणकांत एनव्हीएमईची खांच नसली, तर हिरमुसण्याचें कारण नाहीं. साधी साटा एसएसडीहि पुष्कळ काम देते.

हार्ड डिस्कची ही शोधाशोध वांचविण्यासाठीं खेळ रचणारे एक युक्ति करीत आले आहेत. एकच झाड दहा प्रसंगांत दिसावयाचें असेल, तर त्या झाडाचीं चित्रें दहाहि प्रसंगांच्या मजकुराशेजारीं पुन्हां पुन्हां लिहून ठेवावयाचीं, म्हणजे भुजेला लांब धांवावें लागत नाहीं. वेळ वांचतो, पण जागा जाते. याचें ठळक उदाहरण अलीकडेच घडलें. ‘हेलडायव्हर्स २’ हा स्वीडनमधील ॲरोहेड संस्थेचा खेळ संगणकावर सुमारें १५४ जीबी जागा व्यापीत होता. डिसेंबर २०२५ मध्यें त्या संस्थेनें निक्सेस या दुसऱ्या संस्थेच्या साह्यानें ही पुनरुक्ति काढून टाकली, आणि तोच खेळ सुमारें २३ जीबींत बसला. गंमत अशी कीं, हार्ड डिस्कवर खेळणाऱ्यांचाहि वेळ त्यामुळें फार तर कांहीं सेकंदांनीं वाढला. विलंबाचें मुख्य कारण डिस्क नसून रणभूमीची रचना करण्याचें गणित होतें, असें आढळून आलें. यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. मोठ्या खेळाची सारीच जागा अपरिहार्य असते असें नव्हे. आणि डिस्क मंद म्हणून खेळ तितकाच मंद, असा सरसकट नियमहि नव्हे. खेळाची प्रकृति पाहिली पाहिजे.

खेळ कोठें ठेवावा हें ठरविण्यापूर्वी पाहावयाची पहिली गोष्ट ही कीं, आपल्या घरच्या संगणकांत खरोखर किती डिस्क आहेत? सी, डी, ई अशीं अक्षरें दिसतात म्हणून तेवढ्या डिस्क आहेत असें समजूं नये. पुष्कळदां विक्रेता एकाच डिस्कचे दोन-तीन कप्पे पाडून देतो. एकाच कपाटाला तीन खण असावे तसें हें आहे. सीमधून डीमध्यें खेळ हालविल्यानें गति पालटत नाहीं, आणि कपाट मोडलें तर तिन्ही खण एकदम जातात. खरें काय तें कळण्यासाठीं टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स हें सदर पाहावें. तेथें प्रत्येक डिस्क निराळी दाखविलेली असते, तिच्यापुढें अक्षरें असतात, आणि ती एसएसडी कीं हार्ड डिस्क हेंहि लिहिलेलें असतें.

दुसरी गोष्ट मापाची. खोक्यावर १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्यें ९३१ जीबी दिसते, व २५६ ची २३८. यांत कोणी फसविलेलें नसतें. कारखानदार जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरितो. विंडोज १,०२४ च्या तीन वेळच्या गुणाकारानें, म्हणजे सुमारें १०७ कोटी बाइट धरितें. शेर आणि किलो यांत जशी गल्लत होई, तशीच ही गल्लत आहे. जागेचा हिशेब करितांना विंडोज दाखवील तोच आकडा खरा मानावा. आमच्या पत्रलेखिकेच्या पुतण्याचा ६४ जीबींचा पेन ड्राइव्हहि विंडोजमध्यें साठाच्या आंतच दिसेल. म्हणजे ५५ जीबींचा संग्रह त्यांत बसेल तो कसाबसाच.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. खेळ १५० जीबींचा असला, तरी १५१ जीबी मोकळी जागा पुरेशी नव्हे. खेळांत वेळोवेळीं सुधारणा येतात, आणि त्या बसवितांना जुन्या व नव्या फाइली कांहीं काळ एकत्र नांदतात. मोठ्या सुधारणेच्या वेळीं खेळाच्या आकाराएवढी जागाहि क्वचित् लागते. शिवाय एसएसडी गच्च भरली म्हणजे तिला नवा मजकूर लिहिण्यापूर्वी जुन्या पेशी झाडून-पुसून मोकळ्या करीत बसावें लागतें व तिची गति उतरते. म्हणून तिचा पांचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेवावा. ज्या डिस्कवर विंडोज असतें तिच्याबद्दल तर हा नियम कसोशीनें पाळावा. कारण विंडोजच्या स्वतःच्या सुधारणांसहि जागा लागते, आणि ती न मिळाल्यास अडतो तो खेळ नव्हे, घरचें काम. करभरणीच्या अखेरच्या आठवड्यांत संगणक अडून बसला, तर मोठ्या दिरांच्या पक्षकारांस त्याचें कारण काय सांगावें?

चौथी गोष्ट जतन केलेल्या प्रगतीची. खेळ डीवर बसविला म्हणून खेळणाऱ्यानें गांठलेले टप्पेहि डीवरच राहतात असें नाहीं. बहुतेक खेळ ते सी कप्प्यांत, वापरणाऱ्याच्या नांवच्या फोल्डरमध्यें ठेवितात. प्रस्तुत खेळहि तसेंच करितो. त्यामुळें ‘खेळ तर डीवर आहे’ अशा समजुतीनें सी पुसून विंडोज नव्यानें घातलें, आणि महिन्याची मेहनत नाहींशी झाली, असे प्रकार घडतात. स्टीमसारख्या दुकानाची दूरस्थ साठवण चालूं असेल तर हें संकट टळतें. ती चालूं आहे ना, हें एकदां पाहून घ्यावें.

आतां या घराचा हिशेब मांडूं. पत्रांत दिलेल्या आंकड्यांप्रमाणें पहिली डिस्क २५६ ची एसएसडी, म्हणजे खरे २३८ जीबी. पैकीं मोकळे साठ. तेथें हा खेळ बसतच नाहीं; दुसऱ्या गोष्टी काढून कोंबून बसविलाच, तर विंडोजचा श्वास कोंडेल. तेव्हां ती बाद. दुसरी १ टीबीची हार्ड डिस्क, खरे ९३१ जीबी. तीवर दिरांचीं कागदपत्रें ४०, छायाचित्रें व घरगुती चित्रफिती ४८०, ओव्या ५५, आणि उतरवून घेतलेले चित्रपट व जुने खेळ मिळून २४५. बेरीज ८२० झाली, मोकळे १११.

पुतण्यानें या यादींतून ओव्यांवर बोट ठेविलें, कारण तो एक सुटसुटीत संग्रह होता, आणि रोज कोणी उघडीत नव्हतें. जागा मोकळी करितांना बहुतेक माणसें असाच विचार करितात : जें रोज लागत नाहीं तें हालवावें. फडताळांतील भांड्यांस हा नियम लागू आहे. परंतु संगणकांतील वस्तूंस प्रथम दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : ही गेली तर पुन्हां मिळेल काय? मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनींत पिकलेली ज्वारी कोणी कितीहि अडचणींत असला, तरी बियाण्याचें गाडगें चुलीकडे नेत नाहीं. खाण्याची ज्वारी बाजारांत पुन्हां मिळते. राखलेलें बियाणें गेलें तर वाणच जातें. या डिस्कवरील चित्रपट पुन्हां मिळतील. जुने खेळ ज्या दुकानांतून घेतले तेथून पुन्हां विनामूल्य उतरवितां येतील. नवा खेळसुद्धां तसाच; आज पुसला तरी उद्यां पुन्हां येईल. ओव्या मात्र पुन्हां म्हणावयास कोणी नाहीं.

म्हणून जागा करावयाची ती २४५ जीबींच्या ढिगांतून. त्यांतला निम्मा, म्हणजे सव्वाशे जीबी जरी काढला, तरी मोकळी जागा २३६ होईल. खेळ बसून ८६ उरतील. एकाहि ओवीस हात लावावा लागत नाहीं.

राहिला गतीचा प्रश्न. ‘बाल्डर्स गेट ३’ च्या आवश्यकतांत एसएसडी लागेल असें स्पष्ट लिहिलेलें आहे. तथापि रचनाकारांनींच खेळाच्या सेटिंग्जमध्यें मंद हार्ड डिस्कसाठीं एक स्वतंत्र सोय ठेविली आहे. ती चालूं करावी. शिवाय या खेळांतील लढाया पाळीपाळीनें चालतात. बुद्धिबळाप्रमाणें खेळणारा विचार करूं लागला, तर प्रतिपक्ष थांबून राहतो. अशा खेळांत प्रवेशास थोडा अधिक वेळ लागणें, एखादें चित्र उशिरानें स्पष्ट होणें, एवढाच तोटा. धांवत्या मोटारींचा किंवा समोरासमोरच्या चकमकीचा खेळ असता, तर आम्ही हार्ड डिस्कची शिफारस केली नसती. तेथें अर्ध्या सेकंदाचा खोळंबाहि डाव घालवितो. सध्यां तरी खेळ डीवर ठेवावा, असें आमचें मत आहे.

पुढें घरांत सर्वांच्या विचारें नवी एसएसडी घ्यावयाची झाल्यास १ टीबीची घ्यावी, आणि ती केवळ खेळासाठीं न मानतां घराची मानावी. २०२५ च्या उत्तरार्धापासून स्मृति-घटकांच्या किंमती जगभर चढल्या आहेत. मोठमोठ्या संगणकगृहांची मागणी हें त्याचें कारण आहे. म्हणून खरेदीपूर्वी चार ठिकाणीं भाव पाहावा. नवी डिस्क आली म्हणजे खेळ पुन्हां उतरवावा लागत नाहीं. स्टीमच्या सेटिंग्जमध्यें स्टोरेज या सदरांत नवी डिस्क जोडून खेळ तिकडे हालविण्याची आज्ञा देतां येते. सेकंदास १२० एमबी या गतीनें १५० जीबी वाहून नेण्यास एकवीस मिनिटें लागतील. बारीक फाइली पुष्कळ असल्यास थोडीं अधिक. हेंच काम जुन्या यूएसबी २ च्या तोंडाला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर तासाहून अधिक घेईल, आणि तेथून खेळ चालविणें तर केवळ त्रासाचें. बाहेरची डिस्क फॅट ३२ पद्धतीनें आंखलेली असेल, तर तीत ४ जीबींपेक्षां मोठी फाइल मुळींच राहत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

उतरविण्याचा काळहि मोजून घ्यावा. सेकंदास ४० मेगाबिट गतीच्या जोडणीवर १५० जीबी येण्यास आठ तास वीस मिनिटें लागतात. शंभराच्या जोडणीवर तीन तास वीस मिनिटें. रोज दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइलवर अवलंबून राहिल्यास पंचाहत्तर दिवस! तेव्हां रात्रीं सारे निजल्यावर हें काम लावावें, म्हणजे दिवसा कोणाचा अभ्यास वा काम अडणार नाहीं.

सोलापूरच्या हवेचाहि विचार या कामीं अवश्य आहे. चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला असतां बंद खोलींतील संगणकाच्या पेटीचें तपमान त्याहून बरेंच वर असतें. घरगुती हार्ड डिस्क साधारणपणें साठ अंशांपर्यंत चालण्यासाठीं बनविलेल्या असतात, आणि तापलेली एनव्हीएमई डिस्क स्वसंरक्षणार्थ आपली गति आपणच उतरविते. पेटी भिंतीला टेकवून ठेवूं नये, आणि तिच्या जाळीवरची धूळ महिन्या-दोन महिन्यांनीं झाडावी. खेळ हालवीत असतां वीज गेल्यास काम अर्धवट राहतें. म्हणून यूपीएस असल्यावांचून असें काम हातीं घेऊं नये. तसें घडलेंच तर खेळाच्या फाइली पडताळून पाहण्याची सोय स्टीममध्यें आहे. ती नासलेला भागच पुन्हां आणविते. खेळाला ही सोय आहे. घरच्या चित्रफितींना ती नाहीं.

येथें आम्ही पत्राच्या मुख्य मुद्द्याशीं येतों. ओव्या पेन ड्राइव्हवर हालवूं नयेत, हें पत्रलेखिकेचें म्हणणें सर्वस्वी बरोबर आहे, आणि त्यास भावनेखेरीज तांत्रिक आधारहि आहे. पेन ड्राइव्हच्या पेशींतील विद्युद्भार वर्षानुवर्षें न वापरतां पडून राहिल्यास हळूहळू झिरपून जाऊं शकतो. शिवाय ती वस्तु अंगठ्याएवढी. खिशांतून पडते, कपड्यांबरोबर धुतली जाते, कोणी दुसऱ्याच कामास पुसून वापरतें. ती नेण्या-आणण्यासाठीं चांगली आहे, ठेव ठेवण्यासाठीं नव्हे. ‘हालविणें’ आणि ‘प्रत करणें’ हे दोन शब्द संगणकावर शेजारींशेजारीं दिसतात, परंतु पहिल्यांत वस्तु एकच राहते, दुसऱ्यांत दोन होतात.

तथापि, या वाचकभगिनीची क्षमा मागून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ओव्या जेथें आहेत तेथेंच राहूं देणें हेंहि त्यांचें रक्षण नव्हे. त्या आज एकाच हार्ड डिस्कवर आहेत, आणि हार्ड डिस्क हें फिरतें यंत्र असल्यानें केव्हां तरी बंद पडणारच. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या लाखों डिस्कचा हिशेब दर वर्षीं प्रसिद्ध करिते. २०२४ सालीं तिच्या डिस्कपैकीं शेंकडा सुमारें दीड निकामी झाल्या. आणि त्या थंड, स्वच्छ, अखंड वीज असलेल्या इमारतींत होत्या. पुतण्याच्या सूचनेंत जो धोका पत्रलेखिकेस दिसला, तो धोका आजच्या व्यवस्थेंतहि आहे. खेळाचा प्रश्न निघाला नसता, तर तो कोणाच्या लक्षांतच आला नसता.

ओव्यांचें मोल काय, हें महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनीं पुण्यास राहून, गांवोगांवच्या स्त्रियांच्या मदतीनें एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. १९९० नंतरच्या दशकांत संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनीं त्यांपैकीं कितीएक प्रत्यक्ष गाणाऱ्यांच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनें हें भांडार जनतेसाठीं खुलें केलें आहे. घरोघरचीं जातीं थांबलीं, गाणाऱ्यांपैकीं कित्येकजणी आज हयात नाहींत. पण त्यांचा आवाज ऐकूं येतो, तो फितींवरून उतरवून त्याच्या प्रती ठेविल्या गेल्या म्हणून. दक्षिण कसब्यांतील ५५ जीबी हें त्याच जातीचें धन आहे.

त्याच्या रक्षणाचा सर्वमान्य नियम असा : प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी घराबाहेर असावी. या घरापुरतें सांगावयाचें तर मूळ प्रत डीवर राहूं द्यावी. दुसरी, बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर करून ती दुसऱ्या गांवीं असलेल्या नणंदेकडे किंवा अन्य विश्वासाच्या आप्ताकडे ठेवावी. तिसरी, इंटरनेटवरील साठवणींत ठेवावी. तिचें वार्षिक भाडें भरण्याचें काम एका नेमक्या माणसाकडे द्यावें, नाहीं तर ‘सर्वांचें काम तें कोणाचेंच नाहीं’ अशी स्थिति होते. छायाचित्रांनाहि हाच नियम हळूहळू लावावा. वर्षांतून एकदां, एखाद्या ठराविक सणाला, प्रती उघडतात कीं नाहीं हें पाहावें. सोलापुरांत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस त्यास सोयीचे आहेत. मंडळी घरीं असतात आणि थंडीमुळें यंत्रेंहि तापत नाहींत.

हें सारें काम पुतण्याकडेच सोपवावें. त्यास तें येतें, आणि त्याची सूचना आकसाची नव्हती. आजीचा आवाज एकाच ठिकाणीं आहे, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें इतकेंच. काकूंनीं शेजारीं बसावें, कोणत्या फितींत कोणती ओवी आहे, केव्हांची आहे, तें सांगावें, आणि त्यानें फाइलींस तशीं नांवें द्यावीं. आज त्या फितींवर केवळ आंकडे असतील, तर वीस वर्षांनीं त्या घरांतील कोणासहि ओळखूं येणार नाहींत. प्रत झाली असें समजण्यापूर्वी नव्या प्रतींतील चार-दोन ओव्या उघडून शेवटपर्यंत ऐकाव्या. केवळ फाइलीचें नांव दिसलें म्हणजे आंतील आवाज आला असें होत नाहीं. तेवढें झालें, कीं मग डीवरचे जुने चित्रपट काढावे, मंद डिस्कची सोय चालूं करण्याचें लक्षांत ठेवावें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर खेळ उतरवावयास लावावा. सकाळपर्यंत तो तयार असेल.